जिल्हा नेमबाजी स्पर्धेत स्वयंसेवक म्हणून काम करताना: नवख्यांसाठी मार्गदर्शन

माझी मुलगी पाचवीत असताना एअर रायफल शिकू लागली आणि दुसऱ्याच महिन्यात तिच्या प्रशिक्षकांचा मला निरोप आला, "रविवारी जरा लवकर या, लेनवर माणूस कमी आहे." मी गेलो. काय करायचे, कशाला हात लावायचा नाही आणि अडल्यास कोणाला विचारायचे, हे त्या दिवशी मला कोणी समजावून सांगू शकले नाही, कारण जे सांगू शकत होते ते सगळे स्वतःच चार-चार कामांत गुंतलेले होते. गेली आठ वर्षे मी आमच्या जिल्ह्यातील जवळजवळ प्रत्येक स्पर्धेत काम करतो आहे आणि दर वेळी दोन-तीन नवे पालक त्याच गोंधळलेल्या चेहऱ्याने दाराशी उभे असलेले दिसतात. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

जिल्हास्तरावरची नेमबाजी स्पर्धा पगारी माणसांवर चालत नाही. संघटनेचे दोन-तीन पदाधिकारी, एक-दोन प्रशिक्षक, काही माजी नेमबाज आणि बाकी सगळे पालक, एवढ्यांनी मिळून ती उभी करायची असते. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला जगज्जेत्या झाल्या, राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकचे कांस्यपदक आणले आणि आमच्याकडे प्रवेशिका वाढल्या. लेन (एकेका खेळाडूच्या नेमबाजीच्या जागा) मात्र तेवढ्याच राहिल्या, आणि काम करणारे हातही तेवढेच राहिले.

येथे मी १० मीटर एअर रायफल आणि एअर पिस्तूल या प्रकारांविषयी, आणि तेही कागदी कार्डांवर (छापील टार्गेटवर) घेतल्या जाणाऱ्या स्पर्धेविषयी लिहीत आहे, कारण तालुका आणि जिल्हा पातळीवरच्या अनेक रेंजवर आजही पुलीवर कार्ड लावूनच नेमबाजी होते. इलेक्ट्रॉनिक टार्गेट असल्यास कार्डांची कामे वगळता बाकीचे सारे तसेच लागू पडते.

१. आधी पत्रक वाचा आणि वेळेचे गणित स्वतः मांडून पाहा

स्पर्धेचे पत्रक हाती येताच तीन गोष्टी शोधाव्यात: किती लेन आहेत, किती खेळाडू आहेत आणि प्रत्येकाला किती शॉट आहेत. ओपन साईट (उघड्या खाचेतून नेम), पीप साईट (बारीक छिद्रातून नेम) आणि पिस्तूल यांचे गट वेगळे असतात, वयोगटही वेगळे असतात, आणि शॉट ४० की ६० हे गटाप्रमाणे बदलू शकते. म्हणून मागच्या वर्षीच्या आठवणीवर विसंबू नये.

आता गणित. ६० शॉटच्या प्रकारात कागदी कार्डांवर ९० मिनिटे मिळतात, इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर ७५. त्याआधी तयारी आणि सायटरसाठी (गुण न धरल्या जाणाऱ्या सरावाच्या शॉटसाठी) १५ मिनिटे असतात. खेळाडू आत येणे, सामान लावणे आणि शेवटी आवरून बाहेर जाणे यांसाठी आणखी १५ मिनिटे धरली, तर एका डिटेलला (एकाच वेळी सर्व लेनवर बसणाऱ्या तुकडीला) पूर्ण दोन तास लागतात. १२ लेनच्या रेंजवर ६० खेळाडू असतील तर पाच डिटेल होतात, म्हणजे दहा तास. सकाळी आठला सुरुवात केली आणि जेवणासाठी एक मिनिटही थांबलो नाही, तरी संध्याकाळचे सहा वाजतात. हे गणित आदल्या आठवड्यात कागदावर मांडलेले नसेल तर तिसऱ्या डिटेलपासून स्पर्धा मागे पडू लागते, माणसे चिडू लागतात आणि मोजणीतल्या चुका सुरू होतात.

यावरूनच कामाच्या वाटणीचा पहिला नियम निघतो. लेनवर किंवा मोजणीच्या टेबलावर कोणीही सलग एका डिटेलपेक्षा जास्त वेळ बसू नये. दोन तास उभे राहून बारा लेनवर लक्ष ठेवणाऱ्या माणसाला तिसऱ्या तासाला समोरचे दिसत असते, पण त्याची नोंद होत नसते. वेळापत्रकात प्रत्येक कामासमोर दोन नावे असावीत, एक काम करणाऱ्याचे आणि दुसरे त्याच्या जागी बसणाऱ्याचे.

२. कोणती कामे असतात आणि नवख्याने कोणते घ्यावे

मुख्य कामे अशी: नोंदणी, साधनांची तपासणी, रेंज ऑफिसर, लेनवरचे स्वयंसेवक, कार्ड पोहोचवणारा, मोजणी करणाऱ्यांच्या जोड्या, निकाल टंकित करणारा, आणि चहा-पाणी व प्रथमोपचार सांभाळणारा.

पहिल्याच दिवशी रेंज ऑफिसरचे काम मागू नये आणि कोणी दिले तरी घेऊ नये. फायरिंग लाईनवरची आज्ञा ज्याच्या तोंडून निघते त्याला नियम पाठ असावे लागतात आणि कोणाच्याही दडपणाखाली न येण्याची सवय असावी लागते. राष्ट्रीय संघटना परीक्षकांसाठी प्रशिक्षणवर्ग घेते. आवड असल्यास दोन-तीन वर्षे लेनवर काम केल्यानंतर त्या वाटेने जावे. सुरुवातीला कार्ड पोहोचवण्याचे काम घ्यावे. ते हलके वाटते, पण त्या निमित्ताने तुम्ही लेन, मोजणीचे टेबल आणि निकालाचा संगणक या तिन्ही ठिकाणी फिरता आणि एका दिवसात संपूर्ण स्पर्धा कशी चालते हे कळते.

पालक असाल तर एक अट आधीच सांगून टाकावी: आपल्या मुलाच्या किंवा मुलीच्या डिटेलमध्ये लेनवर उभे राहायचे नाही आणि त्यांची कार्डे मोजायची नाहीत. तुमच्या प्रामाणिकपणाविषयी कोणाला शंका असते म्हणून ही अट नाही. उद्या निकालात एका गुणाचा फरक पडला तर तुमच्या मुलीला तिचे यश निर्धास्तपणे मिरवता यावे, म्हणून ती आहे. मी अशा वेळी चहाच्या टेबलावर जाऊन उभा राहतो आणि रेंजकडे पाठ करतो.

३. सोबत न्यायच्या वस्तू आणि कागदपत्रे

स्वतःसाठी ओळखपत्र, मऊ तळव्याचे बूट, पाण्याची बाटली आणि हातावरचे साधे घड्याळ पुरेसे आहे. मोबाईल बंद किंवा आवाज न करणाऱ्या स्थितीत असावा. फायरिंग लाईनमागे वाजलेली एक रिंग एखाद्याचा शॉट घालवू शकते.

संघटनेच्या पेटीत पुढील वस्तू आहेत का, हे आदल्या दिवशी पाहावे:

- दोन स्टॉपवॉच आणि एक भिंतीवरचे मोठे घड्याळ
- बॉलपेन डझनभर (जेल पेनची शाई कार्डावर फासते)
- रबरबँड, लेन क्रमांक लिहिलेले लिफाफे, कुलपाची किंवा झाकणाची पेटी
- स्टेपलर, क्लिप असलेले पॅड, कागदी चिकटपट्टी
- रायफलचे आणि पिस्तुलाचे मोजणीचे गेज (भोकात घालून गुण ठरवण्याचे मापक), भिंग
- जास्तीचे सेफ्टी फ्लॅग (गन रिकामी असल्याची नळीत घालायची खूण); नारिंगी नायलॉन दोरीचे लांब तुकडेही चालतात
- मोजपट्टी, स्क्रू ड्रायव्हर, पुलीसाठी जास्तीची दोरी, एक्स्टेन्शन बोर्ड, जास्तीचे दिवे
- प्रथमोपचार पेटी, हातमोजे, साबण

खेळाडूंकडून बहुधा जन्मतारखेचा पुरावा, शाळेचे बोनाफाईड, ओळखपत्र, छायाचित्रे आणि संघटनेचा नोंदणी क्रमांक मागितला जातो. .१७७ कॅलिबरच्या आणि २० ज्यूलपर्यंत शक्तीच्या एअर गनला परवाना लागत नाही, तरीही प्रवासात ती बंद केसमध्ये असावी आणि खरेदीची पावती व स्पर्धेचे पत्रक सोबत असावे, असे आपण नवख्या पालकांना आवर्जून सांगावे. एसटी स्थानकावर उलगडून सांगत बसण्यापेक्षा कागद दाखवणे सोपे जाते.

४. आदल्या संध्याकाळची मांडणी

या कामाला माणसे सर्वांत कमी येतात, आणि दुसऱ्या दिवशीचे निम्मे वाद याच संध्याकाळी टळू शकतात. फायरिंग लाईनपासून कार्डापर्यंतचे अंतर प्रत्येक लेनवर मोजपट्टीने मोजावे. ते १० मीटर असावे आणि त्यात ५ सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक चालत नाही. कार्डाचा मध्य जमिनीपासून १.४० मीटर उंचीवर असावा. जुन्या पुलीची दोरी सैल झाली की कार्ड खाली येते आणि थोडे तिरके होते. लांबून हे लक्षात येत नाही, म्हणून प्रत्येक वाहकावर कार्ड लावून, ते टोकापर्यंत नेऊन तपासावे.

कार्डावर किमान १५०० लक्स प्रकाश पडावा असे आंतरराष्ट्रीय नियम सांगतात. प्रकाशमापक नसेल तर निदान सर्व लेनवर सारखा प्रकाश आहे आणि कोणत्याही कार्डावर सावली पडत नाही, एवढे पाहता येते. एखादा दिवा लुकलुकत असेल तर तो रात्रीच बदलावा.

पावसाळ्यातील स्पर्धा असल्यास कार्डांचे गठ्ठे रात्रभर रेंजवर उघडे ठेवू नयेत. दमट कार्डाला पेलेट (एअर गनची छोटी गोळी) लागले की गोल, स्वच्छ भोक पडण्याऐवजी कागद फाटतो आणि मग ती कड रेषेला टेकली की नाही, हे देवालाच ठाऊक.

५. सुरक्षितता: येथे कोणालाही सूट नाही

पुढचे नियम तोंडपाठ असल्याशिवाय फायरिंग लाईनजवळ जाऊ नये.

रायफल किंवा पिस्तूल केसमधून बाहेर येताच त्यात सेफ्टी फ्लॅग असला पाहिजे, आणि एअर गनच्या बाबतीत तो नळीच्या पूर्ण लांबीतून दुसऱ्या टोकाला दिसला पाहिजे. नळीचे तोंड नेहमी टार्गेटच्या दिशेने. फायरिंग लाईनच्या पुढे एक जरी माणूस असला, मग तो पुलीची दोरी सोडवणारा असो किंवा पडलेले कार्ड उचलणारा असो, तर कोणाही खेळाडूने शस्त्राला हात लावायचा नाही आणि ड्राय फायरही (पेलेटशिवाय ट्रिगर दाबणे) करायचे नाही. "स्टॉप" ही आज्ञा रेंज ऑफिसरची असते, पण धोका दिसल्यास ती कोणीही ओरडून देऊ शकतो आणि द्यावीच. अशा वेळी आपला अंदाज चुकला तर कोणी रागावत नाही.

खेळाडूची गन तुम्ही स्वतः उचलू नका, ती पडत असली तरी शक्यतो नाही. लहान मुलगा घाबरून तुमच्याकडे वळला तर गनही तुमच्याकडे वळते, म्हणून त्याच्याशी नेहमी बाजूने, हलक्या आवाजात बोलावे आणि मागून खांद्याला हात लावू नये. एअर सिलिंडर (गनमधील दाबाच्या हवेची नळी) भरण्याची जागा फायरिंग लाईनपासून आणि गर्दीपासून दूर ठेवावी. मुदत उलटून गेलेला सिलिंडर दिसला तर खेळाडूला आणि रेंज ऑफिसरला लगेच सांगावे.

६. नोंदणी आणि साधनांची तपासणी

नोंदणीच्या टेबलावर एकच गोष्ट जिवाच्या आकांताने सांभाळावी, ती म्हणजे नावाचे लेखन. काही स्पर्धांची प्रमाणपत्रे दहावी-बारावीच्या सवलतीच्या क्रीडा गुणांसाठी जोडली जातात आणि प्रमाणपत्रावरचे नाव शाळेच्या दाखल्यावरच्या नावाशी जुळले नाही तर पालकांना महिनोन्महिने खेटे घालावे लागतात. नाव ऐकून लिहू नये, दाखल्यावरून उतरवावे आणि पालकांकडून वाचून घ्यावे. डिटेल आणि लेन क्रमांक खेळाडूला तोंडी सांगण्याबरोबरच लिहूनही द्यावा.

साधन तपासणीत पिस्तुलाचा ट्रिगर किमान ५०० ग्रॅम वजन पेलतो का, पिस्तूल ४२० × २०० × ५० मिलिमीटरच्या खोक्यात बसते का आणि रायफल ५.५ किलोच्या आत आहे का, हे पाहिले जाते. तपासणी झाल्यावर चिकटवलेली खूण पुढे लेनवर कामी येते. जिल्हास्तरावर नवख्या मुलाचे एखादे साधन बसत नसेल तर त्याला दुरुस्तीसाठी वेळ मिळावा, म्हणून तपासणी त्याच्या डिटेलच्या किमान एक तास आधी उरकावी.

७. लेनवर: कार्ड हातातून हातात कसे जाते

या पायरीवर मी थोडे थांबणार आहे, कारण खेळाडूचे सगळे कष्ट शेवटी, रायफलच्या बाबतीत, ८० × ८० मिलिमीटरच्या कागदावर उमटतात आणि तो कागद सांभाळणे हे आपले काम आहे.

एअर रायफलच्या कार्डावर दहाचे वर्तुळ म्हणजे अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका असतो आणि एका कार्डावर एकच शॉट मारायचा असतो. म्हणजे ६० शॉटसाठी प्रत्येकाला ६० कार्डे, १२ लेनच्या एका डिटेलला ७२०, आणि ६० खेळाडूंच्या स्पर्धेला ३६००. सायटरची कार्डे वेगळी. त्यांच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात काळा तिरका पट्टा असतो. सायटर आणि मॅचची कार्डे एकाच टेबलावर एकावर एक ठेवू नयेत.

प्रत्येक मॅच कार्डावर तीन आकडे हवेत: डिटेल क्रमांक, लेन क्रमांक आणि १ ते ६० हा अनुक्रम. हे आदल्या रात्री शिक्के मारून करावे लागते आणि त्याचा कंटाळा येतो. मीही एकदा कंटाळलो होतो. माझ्या दुसऱ्या वर्षी कार्डांवर फक्त अनुक्रम घातलेला होता. लेन क्रमांक वर लावलेल्या चिठ्ठीवर होता. मी सात आणि आठ या लेनचे चौथ्या सीरीजचे (दहा शॉटच्या फेरीचे) गठ्ठे एकाच हातात घेतले. दोन्हींना हिरवे रबरबँड होते. मोजणीच्या टेबलाशी पोहोचलो तेव्हा एक चिठ्ठी वाटेत कुठेतरी पडली होती आणि दोन्ही गठ्ठे ३१ ते ४० याच क्रमांकांचे होते. एक ९७ चा निघाला, दुसरा ८८ चा. दोन्ही मुलींना बोलावले. आठव्या लेनवरची मुलगी पहाटेच्या एसटीने आली होती. तिने दोन्ही गठ्ठ्यांकडे पाहिले आणि "मला खात्रीने सांगता येणार नाही" एवढेच म्हणाली. शेवटी दोघींना ती सीरीज पुन्हा मारावी लागली आणि दोघींपैकी कोणालाही पुन्हा ९७ मिळाले नाहीत. त्यानंतर मी तिन्ही आकडे नसलेले कार्ड लेनवर जाऊ दिलेले नाही.

आता प्रत्यक्ष पद्धत. खेळाडू स्वतः पुलीने कार्ड पुढे नेतो, शॉट मारतो, परत आणतो आणि बदलतो. दहा शॉट झाले की तो ती दहा कार्डे ठरलेल्या जागी ठेवतो. लेनवरचा स्वयंसेवक ती उचलतो, दहा आहेत याची खात्री करतो, पाहिले न पाहिले असे न करता एकेक अनुक्रम वाचतो, त्या लेनच्या लिफाफ्यात घालतो, लिफाफ्यावर सही करतो आणि पेटीत टाकतो. पोहोचवणारा पेटी घेतो तेव्हा त्याचीही सही होते. एका वेळी एकाच लेनची कार्डे हातात असावीत. गुण किती झाले, हे लेनवर कोणीही बोलू नये आणि चेहऱ्यावरही दिसू देऊ नये.

लेनवर उभे असताना पुढील प्रसंग हमखास येतात:

एका कार्डावर दोन भोके. खेळाडूने चुकून दोनदा मारले असेल किंवा शेजाऱ्याचा शॉट आला असेल. तुम्ही काहीही ठरवू नका. कार्ड टाकू नका, बदलू नका. हात वर करून रेंज ऑफिसरला बोलवा आणि त्या क्षणी शेजारच्या दोन्ही लेनवर कोणाचा शॉट झाला होता, हे आठवत असेल तर लिहून ठेवा. दुसऱ्याच्या कार्डावर गेलेला मॅच शॉट मारणाऱ्यासाठी चुकलेला धरला जातो. ज्याच्या कार्डावर तो आला त्याचा शॉट कोणता, हे ठरवता आले नाही तर त्याला अधिक गुणांचा शॉट मिळतो. एकाच कार्डावर जास्त शॉट मारण्याच्या पहिल्या दोन प्रसंगांना दंड नसतो, तिसऱ्यापासून प्रत्येक वेळी दोन गुण कापले जातात. म्हणून कितवा प्रसंग आहे याची नोंद तुमच्याकडे अचूक हवी.

पेलेट न घालता हवा सुटणे. मॅच सुरू झाल्यावर पहिल्यांदा असे झाले तर इशारा मिळतो, पुढच्या वेळी दोन गुण जातात. लहान मुलांच्या बाबतीत हे वारंवार घडते. तुमचे काम फक्त रेंज ऑफिसरच्या लक्षात आणून देणे आणि वेळेसह लिहिणे.

वीज जाणे. आपल्याकडे हे ठरलेलेच आहे. दिवे गेले की घड्याळाकडे पाहून वेळ लिहा, आले की पुन्हा लिहा. स्वतःची चूक नसताना तीन मिनिटांपेक्षा जास्त खोळंबा झाला तर खेळाडूला तेवढा वेळ वाढवून मागता येतो. पाच मिनिटांपेक्षा जास्त झाल्यास आणखी पाच मिनिटे आणि पुन्हा सायटर मिळतात. हा वेळ किती होता, याचा एकमेव पुरावा तुमचे टिपण असते. पुलीची दोरी तुटणे किंवा लेन बदलावी लागणे, यांचीही नोंद अशीच करावी.

पालकांच्या तोंडी सूचना. फायरिंग लाईनवरच्या खेळाडूला बोलून मार्गदर्शन करता येत नाही. मागून "हळू, हळू" असे पुटपुटणाऱ्या बाबांना शांतपणे, एकदाच, बाजूला घेऊन सांगावे. ऐकले नाही तर रेंज ऑफिसरकडे सोपवावे आणि स्वतः हुज्जत घालू नये. फ्लॅश टाकून छायाचित्र काढणाऱ्यांनाही हेच.

८. मोजणीचे टेबल

एका डिटेलच्या ७२० कार्डांना प्रत्येकी दहा सेकंद धरले तरी ७२०० सेकंद, म्हणजे बरोबर दोन तास होतात. याचा अर्थ एक जोडी अजिबात न थांबता मोजत राहिली तरच ती पुढच्या डिटेलच्या बरोबरीने राहते. म्हणून ६० शॉटच्या स्पर्धेला मोजणीच्या दोन जोड्या लागतातच. स्कोअरिंग मशीन असले तरी कार्ड सरळ घालणारा आणि आकडा वाचून पाहणारा, अशी दोन माणसे हवीत.

जोडीतील एक जण कार्ड वाचतो आणि मोठ्याने आकडा उच्चारतो, दुसरा तो उच्चारून लिहितो. दहा कार्डांची बेरीज दोघांनी स्वतंत्रपणे करावी आणि मगच जुळवावी. दुसऱ्याच्या बेरजेकडे पाहून मान डोलावणे ही मोजणी नव्हे.

भोक रेषेला टेकले असेल तर वरचा गुण मिळतो. शंका असल्यास गेज वापरावे लागते, आणि येथे नवख्यांकडून भरून न येणारी चूक होते. गेज एका भोकात एकदाच घालायचे असते. दुसऱ्यांदा घातले की कागद ताणला जातो आणि त्या निर्णयाला अर्थ उरत नाही. म्हणून नवख्याने गेजला हात लावू नये. शंकास्पद कार्ड बाजूला ठेवावे, परीक्षकाने सर्वांसमक्ष गेज घालावे, भिंगातून पाहावे आणि निर्णय कार्डावरच लिहून आद्याक्षरे करावीत. रायफलचे आणि पिस्तुलाचे गेज वेगळे असते. दोन्ही एकाच डबीत ठेवणाऱ्या संघटनांनी ती सवय आजच मोडावी.

सर्व मोजलेली कार्डे पुन्हा त्याच लिफाफ्यात, त्याच क्रमाने, लेन-डिटेलप्रमाणे लावून ठेवावीत. बरोबरी झाली तर आतील दहांची (दहाच्या अगदी मध्यावर बसलेल्या शॉटची) संख्या आणि मग शेवटच्या सीरीजपासून मागे जात तुलना करावी लागते. त्या वेळी कार्डे शोधत बसलो तर निकाल तासभर अडतो आणि मुले पायऱ्यांवर ताटकळत बसतात.

९. निकाल लावणे आणि हरकती

निकाल आधी "तात्पुरता" म्हणून लावावा आणि लावल्याची वेळ त्यावर लिहावी. आंतरराष्ट्रीय नियमांत गुणांवरील हरकतीसाठी दहा मिनिटे असतात. तुमच्या पत्रकात वेगळी मुदत असेल तर ती पाळावी, पण जी असेल ती फळ्यावर ठळकपणे लिहावी. हरकत लेखी घ्यावी. गेजने ठरलेल्या शॉटवर हरकत घेता येत नाही, हे पालकांना नम्रपणे सांगावे आणि गेजची नोंद असलेले ते कार्ड दाखवावे. कार्ड डोळ्यांनी पाहिले की बहुतेकांचे समाधान होते. "सरांनी सांगितले तेच बरोबर" या उत्तराने कोणाचेही समाधान होत नाही, आणि होऊही नये.

संगणकावर टंकित केलेला निकाल लिफाफ्यावरच्या आकड्यांशी दुसऱ्या माणसाने ताडून पाहिल्याशिवाय भिंतीवर जाऊ देऊ नये. येथून वर राज्य स्पर्धा आहे, पुढे राष्ट्रीय स्पर्धेची वाट आहे. नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया १९५१ मध्ये स्थापन झाली तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर होते, आणि त्यांच्या नावाची अखिल भारतीय स्पर्धा कित्येक वर्षे राष्ट्रीय स्पर्धेआधीची पायरी राहिली. त्या सगळ्या पायऱ्यांची खालची फळी आपल्या भिंतीवरचा हा कागद आहे.

१०. आवराआवर

पेलेट शिशाचे असतात. ट्रॅपमधील (कार्डामागे पेलेट अडवणाऱ्या पेटीतील) चुरा कोरड्या झाडूने झाडू नये, धूळ उडते आणि नाकातोंडात जाते. हातमोजे आणि मास्क घालून, ओल्या फडक्याने पुसून, चुरा झाकणाच्या डब्यात भरावा आणि त्यावर "शिसे" असे लिहावे. हे काम मुलांना कधीही सांगू नये, बक्षीस म्हणूनही नाही आणि शिक्षा म्हणूनही नाही. दिवसभरात चहा किंवा पोहे घेण्याआधी प्रत्येक वेळी साबणाने हात धुवावेत आणि फायरिंग लाईनवर खाणे आणू देऊ नये.

निघण्यापूर्वी पेटीतील वस्तू यादीशी ताडाव्यात, दोन्ही गेज मोजून वेगवेगळ्या डब्यांत ठेवावीत आणि हरकतीची मुदत संपेपर्यंत कार्डांचे लिफाफे कुलपात ठेवून किल्ली ज्याच्याकडे दिली त्याची सही घ्यावी. उरलेली कोरी कार्डे प्लास्टिकच्या पिशवीत, ओल शोषणाऱ्या पुडीसह बांधून कपाटाच्या वरच्या खणात ठेवावीत, आणि किती उरली तो आकडा पिशवीवर लिहावा, म्हणजे पुढच्या स्पर्धेसाठी किती मागवायची हे विचारायला कोणाला फोन करावा लागत नाही.